पिकअपची चाकं बदलली, पण हवेचा दिवा विझेना: सेन्सर जुळवायचे कसे

नोव्हेंबर लागला की इथे मिशिगनमध्ये ओळखीच्या मंडळींचे फोन सुरू होतात. "स्नो टायरवाली चाकं चढवली, चारही चाकांत हवा मोजून भरली, तरी तो घोड्याच्या नालेसारखा पिवळा दिवा जातच नाही." मी विचारतो, नव्या चाकांत सेन्सर आहेत का? "हो, दुकानवाला म्हणाला आहेत." कोणते? की पुढे शांतता.

गडबड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी झालेली असते. चाकं आधी चढवली जातात आणि सेन्सरची आठवण नंतर येते. खरं तर निम्म्याहून जास्त काम चाकं गॅरेजच्या जमिनीवर आडवी पडलेली असतानाच उरकायचं असतं. हा लेख त्या क्रमासाठी आहे. उदाहरणं अमेरिकेत सर्रास दिसणाऱ्या पिकअपची घेतली आहेत: फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो, रॅम १५०० आणि टोयोटाचे टकोमा-टुंड्रा.

एवढं एक डोक्यात पक्कं करा. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ असतो. तो हवेचा दाब आणि स्वतःचा क्रमांक पाठवत राहतो. ट्रकच्या कॉम्प्युटरकडे चार क्रमांकांचा हजेरीपट असतो. चाकं बदलली की वर्गात चार नवी मुलं येऊन बसतात आणि मास्तर मात्र जुन्याच नावांनी हाका मारत राहतात. आपल्याला फक्त हजेरीपट बदलायचा आहे.

पायरी १: दिवा काय म्हणतोय ते आधी वाचा

ट्रक सुरू करा आणि दिव्याकडे दीड मिनिट नीट बघत बसा.

दिवा लागला आणि पहिल्यापासून स्थिर राहिला, तर ट्रकला सेन्सर ऐकू येत आहेत आणि एखाद्या चाकात हवा कमी आहे. गेज घ्या, हवा भरा, विषय संपला.

दिवा साधारण ६० ते ९० सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर एक किंवा जास्त सेन्सरचा आवाज ट्रकपर्यंत पोचतच नाही. हवा कितीही भरली तरी हा दिवा जाणार नाही. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

हा फरक न बघता लोक टायरमध्ये हवा कोंबत बसतात. ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं इथलं एकक) हवं असलेल्या टायरमध्ये ४५ भरलेले मी पाहिले आहेत, दिवा जाईल या आशेनं.

पायरी २: तुमचा ट्रक नवे सेन्सर कसे शिकतो ते शोधा

याआधी एक खातरजमा. टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा गाडीत हवीच, हा अमेरिकेतला नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांना लागू आहे, आणि मागे जोडचाकं असलेल्या ट्रकना नाही. त्यामुळे तुमचा ट्रक मोठा हेवी-ड्यूटी असेल तर त्यात ही यंत्रणा मुळात आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

यंत्रणा असेल तर ट्रक या तीनपैकी एका जातीचा असतो.

आपोआप शिकणारे. रॅम यात मोडतो. योग्य सेन्सर असलेली चाकं लावून थोडा वेळ ट्रक उभा ठेवायचा आणि मग ताशी १५ मैलांच्या वर चालवायचा. मॅन्युअल यासाठी २० मिनिटांपर्यंतचा वेळ धरतं.

उभ्या जागी शिकवावे लागणारे. फोर्ड आणि शेव्ही-जीएमसी. ट्रकला 'शिकण्याच्या' स्थितीत न्यायचं आणि सेन्सरला बोलायला लावणाऱ्या, हातात मावणाऱ्या छोट्या टूलनं एकेक चाक ठरलेल्या क्रमानं जागं करायचं.

क्रमांक लिहून द्यावे लागणारे. बरेचसे टोयोटा. इथे सेन्सरचे क्रमांक डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमधून (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो तिथून) स्कॅनरनं कॉम्प्युटरमध्ये भरावे लागतात. काही नव्या मॉडेलांत हेच डॅशबोर्डच्या मेनूतून होतं.

सावधान: बऱ्याच टोयोटांमध्ये स्टिअरिंगखाली एक 'सेट' बटण असतं. ते दाबून धरलं की दिवा तीन वेळा हळू लुकलुकतो आणि माणूस समजतो, झालं काम. ते बटण फक्त आत्ताचा दाब हा योग्य दाब म्हणून लक्षात ठेवतं. नव्या सेन्सरचे क्रमांक ते शिकवत नाही. टकोमावाल्यांच्या तक्रारींचं मूळ मी जिथे जिथे पाहिलं, तिथे बहुधा हे बटणच निघालं.

पायरी ३: सेन्सर घेताना तीन गोष्टी

फ्रीक्वेन्सी. उत्तर अमेरिकेत सेन्सर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. दिसायला दोन्ही अगदी सारखे. एकाच मॉडेलच्या जुन्या-नव्या पिढ्यांत फ्रीक्वेन्सी बदललेली असते. २०१९ पासूनच्या नव्या सिल्व्हराडोत ४३३ आहे, त्याआधीच्या पिढीत ३१५. म्हणून "माझ्याकडे सिल्व्हराडो आहे" एवढं सांगून सेन्सर मागवू नका. मॉडेल, वर्ष आणि शक्य असेल तर जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर द्या. चुकीच्या फ्रीक्वेन्सीचा सेन्सर ट्रकला कधीच ऐकू येणार नाही, मग शिकवण्याची पद्धत कितीही बिनचूक असो.

व्हॉल्व्ह. सेन्सरसोबत रबरी किंवा धातूचा व्हॉल्व्ह येतो. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादा थंड टायरमध्ये ६५ पीएसआय असते. ट्रेलर ओढण्यासाठी 'ई' लोड रेंजचे (जास्त वजन पेलणारे) टायर घालून ८० पर्यंत हवा भरणार असाल, तर त्या दाबासाठी बनवलेला व्हॉल्व्हच हवा. पाकिटावर कमाल दाब छापलेला असतो, तो वाचा.

वय. आतली बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही. साधारण ५ ते १० वर्षं चालते. कुणी "सेन्सरसकट" जुनी चाकं स्वस्तात विकत असेल तर ती किती वर्षांची आहेत ते विचारा. आठ वर्षांच्या सेन्सरसाठी पैसे मोजू नका. टायर नंतर पुन्हा रिमवरून उतरवायला लागेल तो खर्च वेगळा.

क्लोन सेन्सरबद्दल इथेच सांगतो. बाजारात कोरे, प्रोग्राम करता येणारे सेन्सर मिळतात. उन्हाळी चाकांतल्या सेन्सरचा क्रमांक टूलनं वाचून तोच हिवाळी सेन्सरमध्ये उतरवता येतो. मग ट्रकच्या दृष्टीनं काही बदललेलंच नसतं आणि वर्षातून दोनदा शिकवायची कटकट संपते. टोयोटावाल्यांनी तर हाच मार्ग धरावा, असं माझं मत आहे. फोर्ड-शेव्हीवाल्यांना त्याची फारशी गरज नाही, त्यांचं शिकवणं दहा मिनिटांत होतं. क्लोन केलेत तर एक पथ्य पाळा: एकाच क्रमांकाची दोन चाकं ट्रकच्या आसपास ठेवू नका. उतरवलेली चाकं मागच्या बेडमध्ये टाकून फिरलात तर दोन्ही बोलू लागतील आणि दाब मनाला येईल तसा दिसेल.

पायरी ४: टायर चढण्याआधी सेन्सर हातात तपासा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सेन्सर पाकिटातून काढा आणि टूलनं जागा करा. क्रमांक वाचणारं टूल असेल तर स्क्रीनवर तीन गोष्टी येतात: क्रमांक, फ्रीक्वेन्सी, दाब. टायरबाहेर असल्यामुळे दाब शून्य दिसला पाहिजे. क्रमांक बहुधा आठ जागांचा असतो, त्यात आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेली असतात.

एक कागद घ्या. डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं, अशा चार ओळी आखा आणि प्रत्येकीसमोर क्रमांक लिहा. रिमच्या आतल्या बाजूला खडूनं तीच जागा लिहा. फोनमध्ये फोटो काढून ठेवा. कागद हरवतो, हे मी अनुभवानं सांगतोय.

जीएम (म्हणजे शेव्ही-जीएमसी) ट्रकसाठी मिळणारं ईएल-५०४४८ धाटणीचं स्वस्त टूल आणि फोर्डचं टीपीएमएस-१९ ही फक्त सेन्सर जागे करतात, क्रमांक वाचत नाहीत. तुमच्याकडे एवढंच असेल तर टायरच्या दुकानात "चढवण्याआधी चारही सेन्सर स्कॅन करून दाखवा" असं सांगा.

तपासणी: चारही सेन्सरनी उत्तर दिलं? चारही एकाच फ्रीक्वेन्सीवर आहेत? एक जरी गप्प असेल तर इथेच थांबा. टायर चढल्यावर तो बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून.

पायरी ५: दुकानात टायर चढवताना

हे काम बहुधा तुम्ही स्वतः करणार नाही, पण चार गोष्टी काउंटरवरच सांगून ठेवा.

टायरची कड सोडवणारा फावडा व्हॉल्व्हपासून लांब लावायचा. सेन्सर त्याच्या मागेच असतो आणि प्लास्टिकचा असतो. जुन्या काही फोर्डमध्ये मात्र सेन्सर व्हॉल्व्हला नसून रिमच्या पोटाला धातूच्या पट्ट्यानं बांधलेला असतो. तसा ट्रक असेल तर आधीच सांगा.

जुनाच सेन्सर नव्या टायरमध्ये जाणार असेल तर सर्व्हिस किट नवीन हवं: रबरी सील, नट, आतली कोअर आणि टोपी. जुनं चपटं झालेलं सील पुन्हा लावलं की हवा हळूहळू झिरपते.

धातूच्या व्हॉल्व्हचा नट इंच-पौंडात आवळायचा असतो, फूट-पौंडात नाही. आकडा किटच्या कागदावर असतो. अंदाजानं आवळलेला अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह तडकतो, आणि बहुधा त्याच दिवशी नाही, जानेवारीत.

अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा दिलेली कोअरच बसवायची आणि टोपी प्लास्टिकची लावायची. पितळेची टोपी दिसते छान, पण इथल्या रस्त्यांवरच्या मिठात ती अॅल्युमिनियमला अशी चिकटते की पक्कडीनं फिरवताना टोपीबरोबर व्हॉल्व्हच हातात येतो. मग हवा फुस्स, आणि सेन्सरही गेला.

पायरी ६: हवा भरा, आणि मुद्दाम वेगवेगळी भरा

योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या अंगावरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा दाब नाही.

आता माझी एक युक्ती. शिकवण्यापुरता चारही चाकांत दोन-दोन पीएसआयचा फरक ठेवा. स्टिकर ३५ म्हणत असेल तर डाव्या पुढच्यात ३४, उजव्या पुढच्यात ३६, उजव्या मागच्यात ३८, डाव्या मागच्यात ४०. कागदावर क्रमांकाशेजारी हेही लिहा. शिकवून झाल्यावर डॅशबोर्डवर ३४, ३६, ३८, ४० ज्या त्या जागी दिसले, तर एकही चाक दुसऱ्याच्या नावावर नोंदलं गेलेलं नाही. चारही चाकांत ३५ भरलेलं असेल तर चूक कळणार कशी?

ही युक्ती मी अक्कलखाती जमा करून शिकलो. पहिल्या वर्षी काढलेली चाकं ट्रकच्या उजव्या बाजूला, पुढच्या दाराजवळच रचून ठेवली होती. टूल धरलं चढवलेल्या चाकाला, पण उत्तर दिलं शेजारच्या उतरवलेल्या चाकानं. हॉर्न वाजला, मी खूश. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्ड म्हणतोय उजव्या पुढच्या चाकात ३१, आणि गेज म्हणतोय ३६. मी हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. आकडा ३१ वरून ढिम्म हलेना. गॅरेजच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या उन्हाळी टायरमधला दाब मी ट्रकच्या पडद्यावर वाचत होतो.

पायरी ७: चाकं चढवा

नट चांदणीच्या क्रमानं आवळा आणि शेवटचा हात टॉर्क रेंचनं द्या. एफ-१५० च्या अलीकडच्या पिढ्यांत १५० फूट-पौंड, सिल्व्हराडो १५०० मध्ये १४०, रॅम १५०० मध्ये १३०. तुमच्या वर्षाचा आकडा मॅन्युअलमध्ये पडताळा. ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा एकदा रेंच लावायचा.

मग उतरवलेली चाकं उचलून गॅरेजच्या पार दुसऱ्या टोकाला न्या. का, ते वर सांगितलंच.

पायरी ८: ट्रकला शिकवा

क्रम फोर्ड आणि शेव्ही दोन्हीकडे एकच आहे: डावं पुढचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं मागचं. डावं म्हणजे ड्रायव्हरची बाजू. भारतातून नव्यानं आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण ड्रायव्हर म्हटलं की हात आपसूक उजवीकडे जातो. ड्रायव्हरच्या चाकापासून निघून ट्रकला घड्याळाच्या दिशेनं एक प्रदक्षिणा घाला, क्रम चुकणार नाही.

शेव्ही सिल्व्हराडो. पार्किंग ब्रेक लावा. इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा. बटणवाल्या ट्रकमध्ये ब्रेकवर पाय न ठेवता बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरावं लागतं. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर टायरच्या दाबाचं पान उघडा आणि निवडीचं बटण दाबून धरा. हॉर्न दोनदा वाजला की ट्रक शिकायला तयार. आता टूल डाव्या पुढच्या टायरच्या रबराला, व्हॉल्व्हच्या जवळ टेकवा आणि बटण दाबा. एकदा हॉर्न वाजला की पुढच्या चाकाकडे. शेवटच्या चाकानंतर हॉर्न दोनदा वाजतो. पहिल्या चाकासाठी दोन मिनिटं मिळतात आणि चारही मिळून पाच. वेळ संपली तर सुरुवातीपासून.

फोर्ड एफ-१५०. बऱ्याच अलीकडच्या ट्रकमध्ये इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करायचं आणि धोक्याच्या दिव्यांचं बटण १० सेकंदांत सहा वेळा दाबायचं. जुन्या, किल्लीवाल्या ट्रकमध्ये ब्रेक दाबून सोडायचा, किल्ली बंद-चालू अशी तीनदा फिरवायची, पुन्हा ब्रेक, पुन्हा तीनदा. हॉर्न वाजतो आणि पडद्यावर डावं पुढचं चाक शिकवा असा संदेश येतो. इथून टूलचं काम तसंच, प्रत्येक चाकाला एक हॉर्न. तुमच्या ट्रकला कोणता प्रकार लागतो ते मॅन्युअलमध्ये पाहूनच सुरू करा.

रॅम. टूल लागत नाही. २० मिनिटं उभा ठेवा, मग फ्रीवेवर एक चक्कर मारा. ट्रॅफिकमध्ये रांगत गेलात तर तो वेळ धरू नका, वेग ताशी १५ मैलांच्या वर राहायला हवा.

टोयोटा. चारही क्रमांक स्कॅनरनं कॉम्प्युटरमध्ये भरा. आधी त्यातले जुने क्रमांक वाचून कागदावर उतरवा, वसंतात तेच परत भरायचे आहेत. मग दाब स्टिकरप्रमाणे करा आणि त्यानंतरच ते 'सेट' बटण दाबा.

सावधान: टूल रिमच्या धातूला टेकवू नका, रबराला टेकवा. धातू सिग्नल अडवतो. हॉर्न वाजला नाही तर चाक पाव फेरा फिरेल इतका ट्रक पुढे घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा. शेजाऱ्याचा ट्रक लगत उभा असेल तर आपला थोडा लांब न्या.

पायरी ९: चालवून खात्री करा

१५-२० मिनिटं चालवा. उभ्या चाकातला सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतो आणि चाक फिरू लागलं की जागा होतो, म्हणून चालवण्याआधी पडद्यावर आकड्यांऐवजी रेघा दिसल्या तर घाबरू नका. परत येऊन आकडे कागदाशी ताडून बघा. जुळले की चाकं थंड होऊ द्या आणि चारही स्टिकरच्या दाबावर आणा.

तरीही जमलं नाही तर

एकच चाक रेघा दाखवतंय: तो सेन्सर टूलनं पुन्हा जागा करून बघा. टूललाही उत्तर नसेल तर सेन्सर मेलाय किंवा टायर चढवताना मोडलाय. टूलला उत्तर देतो पण ट्रकला ऐकू येत नाही, तर फ्रीक्वेन्सी किंवा प्रकार चुकलाय.

चारही रेघा: चौघं एकदम मरत नाहीत. सेन्सर त्या वर्षाच्या ट्रकसाठी नाहीत, किंवा कोरे सेन्सर प्रोग्राम न करताच बसवलेत. हे दुसरं मी एका दुकानातून आलेल्या चाकांत पाहिलंय. दुकानवाला खरंच म्हणाला होता, सेन्सर आहेत. होते, कोरे.

आकडे दिसतात पण जागा चुकलेल्या: क्रम चुकला. पायरी ८ पुन्हा.

पंक्चरचा फेस कधी मारला असेल: सेन्सरचं भोक बुजलेलं असू शकतं. टायर उतरवून पुसावं लागेल.

टायरचा प्रकार बदललेल्यांसाठी

साध्या टायरऐवजी जाड एलटी (लाइट ट्रक) टायर घातले असतील तर तेवढंच वजन पेलायला त्यांना जास्त हवा लागते. 'सेट' बटण नसलेल्या ट्रकचा इशारा मात्र स्टिकरच्या आकड्याशी बांधलेला असतो. दाब स्टिकरपेक्षा २५ टक्के उतरला की दिवा लागलाच पाहिजे, असा नियम आहे. स्टिकर ३५ चा असेल तर ती रेषा २६ च्या आसपास येते. तुमच्या एलटी टायरला ४५ हवे असतील तर २६ पर्यंत तो कधीच धोक्यात गेलेला असतो आणि दिवा गप्प असतो. अशा ट्रकमध्ये दिव्यावर विसंबू नका, महिन्यातून एकदा गेज लावा.

पहिल्या कडाक्याच्या थंडीत दिवा पुन्हा लागेल, तेव्हा मला फोन करण्याआधी तो लुकलुकतोय की स्थिर आहे ते बघा. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयनं उतरतो. ५० अंशांत गॅरेजमध्ये भरलेली हवा शून्य अंशांच्या सकाळी ५ पीएसआय कमी दिसणार. दिवा स्थिर असेल तर सेन्सर चोख काम करतायत. हवा भरा आणि निघा. तो चार क्रमांकांचा कागद मात्र उन्हाळी चाकांवर टेपनं चिकटवून ठेवा, एप्रिलमध्ये हीच प्रदक्षिणा पुन्हा घालायची आहे.